मानेपाशी भरलेलं कंपोझिट वर्षभरात निघतं, कोपऱ्याचं टिकतं : बाँडिंग नेमकं कुठे फसतं?

दातकोरणं

त्याच बाटलीतलं बाँडिंग (भरण दाताला चिकटवणारा द्रव), तेच कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण), तोच लाइट (दोन्ही कडक करणारा निळा प्रकाश). पुढच्या दाताचा तुटलेला कोपरा बांधला तर वर्षानुवर्षं हलत नाही. पण हिरडीलगत, दाताच्या मानेपाशी पाचरीसारखी घळ पडते ती भरली, की वर्ष-दीड वर्षात अख्खा तुकडा सुटून येतो. तुकडा उलटा करून पाहिला तर आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत. म्हणजे कंपोझिट तुटलेलं नाही, दातापासूनच सुटलंय.

पद्धत अशी : घळ पाण्याने धुणं, ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड १५ सेकंद, धुणं, कोरडं करणं, युनिव्हर्सल बाँडचा (आधी ॲसिड लावून किंवा न लावता, दोन्ही प्रकारे चालणाऱ्या) एक हात, हवा, १० सेकंद लाइट, मग कंपोझिट. आजूबाजूला कापसाच्या गुंडाळ्या आणि सक्शन. बाटली बदलावी का? बदलायची तर कोणती घ्यावी?

रबरडॅमवाली

बाटली बदलू नका. पद्धतीत "कापसाच्या गुंडाळ्या" वाचलं तिथेच थांबले. हिरडीच्या खाचेतून सतत पाझरणारा द्रव गुंडाळीला दिसत नाही, आणि घळीचा खालचा काठ नेमका तिथेच असतो. २१२ नंबरचा क्लॅम्प (दाताला धरणारा चिमटा) लावून रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) चढवा. तो बसत नसेल तर किमान ००० नंबरची रिट्रॅक्शन कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा) खाचेत बसवा, म्हणजे काठ उघडा होतो आणि पाझरही थांबतो.

रक्त आलं म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइड किंवा फेरिक सल्फेट लावलं असेल तर ते दाताला लागलंय असं धरूनच चाला. एच-अँड-रिन्स पद्धतीत (आधी ॲसिडने कोरून धुणं, मग बाँड) फॉस्फोरिक ॲसिडने ते बऱ्यापैकी निघून जातं. नुसत्या सेल्फ-एचमध्ये (वेगळं ॲसिड नाही, बाँडच दात कोरतं) मात्र ते तसंच राहतं आणि पकड खाली येते.

तिसरी_दाढ

आयसोलेशनचं (दात ओलाव्यापासून वेगळा ठेवण्याचं) बरोबरच आहे, पण मूळ कारण त्याच्याही आधीचं आहे. इथे दोन अगदी वेगळे पदार्थ, कोपऱ्याचं एनॅमल (दाताचं बाहेरचं कडक कवच) आणि मानेपाशीचं डेंटिन (त्याच्या आतला थर), एकाच पद्धतीने हाताळले जातायत.

एनॅमल वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज. ॲसिड लागलं की प्रिझमची (एनॅमलच्या सूक्ष्म दांड्यांची) टोकं कमीजास्त विरघळून बारीक खड्ड्यांची जाळी होते, बाँडमधलं रेझिन तिच्यात उतरतं आणि घट्ट होतं. मायकेल बुओनोकोरे यांनी १९५५ साली ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद लावून हे दाखवलं. धातूवर रंग धरावा म्हणून कारखान्यांत हे ॲसिड वापरत, तिथून त्यांना ते सुचलं. एनॅमलचं कोडं तेव्हाच सुटलं. डेंटिनचं सुटायला १९८२ उजाडलं, जपानमध्ये नाकाबायाशींनी हायब्रिड लेयर (रेझिन डेंटिनच्या धाग्यांत गुंतून बनणारा थर) दाखवली तेव्हा.

डेंटिनमध्ये ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय भाग (मुख्यतः कोलॅजन) आणि १० टक्के पाणी. शिवाय ते सगळीकडे सारखं नाही. एनॅमलच्या जवळ चौरस मिलिमीटरला साधारण २० हजार सूक्ष्म नळ्या, पल्पच्या (दाताच्या आतल्या जिवंत गाभ्याच्या) जवळ ४५ हजारांच्या आसपास, आणि तिथे त्या रुंदही असतात. खोल जाल तितकं पाणी जास्त आणि रेझिनला धरायला नळ्यांमधलं घट्ट डेंटिन कमी.

मानेपाशीच्या जुन्या घळीत तर तेही ताजं डेंटिन नसतं. ते स्क्लेरोटिक असतं. नळ्या खनिजाने बुजलेल्या, आणि वर अतिखनिज झालेला कडक थर. १५ सेकंदांत ॲसिड त्या थरातून नीट पार होत नाही. रेझिन टॅग (नळ्यांत शिरणारी रेझिनची बोटं) बनत नाहीत आणि हायब्रिड लेयर पातळ, तुटक राहते. तुमच्या तुकड्याची आतली बाजू चकचकीत दिसते ती म्हणूनच. रेझिन आत गेलंच नव्हतं.

ओळखायचं कसं? रंग चहाच्या पाण्यासारखा, वर ओली नसतानाही चमक, हवा मारली तरी पेशंट दचकत नाही, आणि प्रोब टेकवून ओढला तर काचेवरून घसरावा तसा घसरतो. ताज्या डेंटिनवर प्रोब किंचित अडतो.

यावर उपाय म्हणजे ती चमक घालवणं. पाण्याखाली डायमंड बर अगदी हलक्या हाताने फिरवायचा, पृष्ठभाग मॅट दिसेपर्यंत. घळ खोल करायची नाही.

जुनी_बाटली

आमच्या वेळच्या तीन टप्प्यांच्या सिस्टिमला (ॲसिड, प्रायमर, बाँड वेगवेगळे) अजून तोड नाही, हे नोंदवून ठेवतो.

सूक्ष्मदर्शी

@तिसरी_दाढ, बर फिरवण्याशी सहमत, पण एक जोड हवी. जाड दाण्याचा बर जाड स्मिअर लेयर (घासताना दातावर बसलेला भुसा) सोडतो. सौम्य सेल्फ-एच किंवा युनिव्हर्सल नुसतंच लावणार असाल, ज्यांचा पीएच २ किंवा त्याहून जास्त असतो, तर ते त्या भुश्शात अडकून बसतं. स्कॉचबाँड युनिव्हर्सलचा पीएच २.७ आहे. म्हणून चमक निळ्या पट्टीच्या बरने घालवा आणि शेवटचे दोन हात लाल पट्टीच्या बारीक दाण्याने द्या. आधी ॲसिड लावणार असाल तर स्मिअर लेयर धुऊनच जाते, मग एवढा फरक पडत नाही.

@जुनी_बाटली, तीन टप्प्यांचं सिस्टिम उत्तम आहेच. पण ते हात ओळखतं. डेंटिन किती ओलं ठेवायचं हे दर वेळी नेमकं जमावं लागतं. दोन टप्प्यांचं सौम्य सेल्फ-एच, म्हणजे क्लिअरफिल एसई बाँडसारखं, डेंटिनवर तितकंच टिकतं आणि चुकीला जागा कमी ठेवतं.

जुनी_बाटली

ओलाव्याचा बाऊ फार केला जातो. कापसाने टिपलं की झालं.

सूक्ष्मदर्शी

बाऊ नाही. ॲसिड डेंटिनच्या वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज काढून नेतं. मागे उरतो तो कोलॅजनच्या धाग्यांचा झुबका, आणि त्याला उभं धरून ठेवतं फक्त पाणी. एअर सिरिंजने खडखडीत वाळवलं की झुबका ओल्या केसांसारखा चप्प बसतो आणि रेझिनला वाट उरत नाही. पाणी जास्त राहिलं तर रेझिन पाण्यात फुटतं, थेंब-थेंब अडकतात आणि पुढे तिथूनच गळती सुरू होते. जॉन कांका यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओल्या डेंटिनवर बाँडिंगचा आग्रह धरला तो यासाठी.

त्यात बाटलीतलं सॉल्व्हंटही (बाँड पातळ ठेवणारं, उडून जाणारं द्रावक) पाहायचं. ॲसिटोनवाली बाटली पूर्णपणे ओलाव्यावर अवलंबून असते. पाणी किंवा पाणी-इथेनॉल असलेली बाटली चप्प बसलेलं कोलॅजन थोडंफार परत फुगवू शकते. त्यामुळे "टिपलं की झालं" हे एका बाटलीला चालतं, दुसरीला नाही.

टिपताना कापसाचा बोळा कोरडा नको, किंचित दमट हवा. पृष्ठभाग ओला चमकदार दिसावा, पण कोपऱ्यात पाण्याचं तळं नसावं.

जुनी_बाटली

ॲसिटोनचा मुद्दा मान्य. त्याच बाटलीचं झाकण पाच मिनिटं उघडं राहिलं तरी बाँड घट्ट होतं, हे माझ्याकडून जोडतो. डॅपन डिशमध्ये आधी काढून ठेवायचं नाही. लावायच्या क्षणी थेंब काढायचा.

पांढरकवडा

एनॅमलचं कोडं १९५५ लाच सुटलं असं वर म्हटलंय. तसं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे यायला हवं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या बऱ्याच गावांत विंधनविहिरीच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यावरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे, पुढे तपकिरी डाग असतात.

फ्लोरोसिसच्या एनॅमलचा वरचा थर जास्त खनिजाचा आणि ॲसिडला न जुमानणारा. त्याच्याखालचा थर मात्र सच्छिद्र. १५ सेकंदांत वरचा थर धड कोरला जात नाही. आणि खरी मेख पुढे आहे. एच झाल्याची खूण म्हणजे वाळवल्यावर दिसणारा पांढरा धुरकटपणा, पण हा दात ॲसिड न लावताही वाळवल्यावर पांढराच दिसतो. डोळा फसतो.

म्हणून अशा दातावर आधी बारीक डायमंडने वरचा थर हलकासा उतरवायचा, मग ३७ टक्के ॲसिड, सौम्य डाग असतील तर ३० सेकंद, जास्त असतील तर ६० पर्यंत. ॲसिड ठेवलं तेवढाच वेळ धुवायचं. एनॅमलवर नुसतं सेल्फ-एच या दातांना अजिबात पुरत नाही. आणि पांढरं दिसतंय म्हणून समाधान मानायचं नाही. चमक सगळीकडून गेली का ते आरसा तिरका धरून पाहायचं.

दुधाचे_दात

+१. दुधाच्या दातांवरही वरचा थर बिनप्रिझमचा असतो, तिथेही बर हलकासा फिरवलेला बरा.

कॉम्प्रेसर_मास्तर

डेंटल खुर्च्या आणि कॉम्प्रेसर दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे एवढंच सांगतो. तुम्ही सगळे ॲसिड आणि बाँडबद्दल बोलताय, पण सिरिंजमधून येणारी हवा कशी आहे?

टाकीत पाणी साठतं. पावसाळ्यात, त्यातही मुंबई-कोकणात, ते दुपटीने साठतं. रोज संध्याकाळी टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढलं नाही तर ते लाइनमध्ये चढतं. ऑइलवाला कॉम्प्रेसर असेल तर पाण्याबरोबर तेलाचे तुषार. दातावर नुसती हवा मारताय असं वाटतं, प्रत्यक्षात पाणी-तेलाचा फवारा बसतो.

तपासायची पद्धत : स्वच्छ कोरड्या तोंडाच्या आरशावर एक इंचावरून १० सेकंद हवा मारा. थेंब दिसले तर पाणी. बोट फिरवल्यावर चिकट ओघळ उमटला तर तेल. सिरिंजचं पाण्याचं बटण सोडल्यावर नळीत उरलेलं पाणीही पहिल्या फुंकरीत बाहेर येतं. ती पहिली फुंकर दातावर नाही, बाजूला मारायची.

हँडपीसला स्प्रे तेल घातल्यावर ३० सेकंद मोकळा चालवा. नाहीतर पहिल्या घळीत तेच तेल उडतं.

रबरडॅमवाली

हे प्रत्येक क्लिनिकच्या भिंतीवर लावायला हवं.

प्रश्नचिन्ह

मी डॉक्टर नाही, वाचतोय. दात पांढरे करून घेतले की लगेच सिमेंट भरू नये असं म्हणतात, ते खरं का? आणि रूट कॅनालनंतर भरलेलं लवकर निघतं असंही ऐकलंय.

सूक्ष्मदर्शी

दोन्ही खरं, आणि दोन्हींचं मूळ एकच. रेझिन घट्ट होतं ते साखळी-प्रक्रियेने, आणि ऑक्सिजन ती साखळी तोडतो. ब्लीचिंगच्या पेरॉक्साइडमुळे दातात ऑक्सिजन अडकून राहतो. दोन आठवडे थांबलं की तो निघून जातो. तोपर्यंत भरलेलं आतल्या बाजूने कच्चंच राहतं.

रूट कॅनालमध्ये सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, तेही डेंटिनवर ऑक्सिडायझर मागे ठेवतं. नुसतं पाण्याने धुऊन ते जात नाही. १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेट काही मिनिटं ठेवलं तर परिणाम बराच उलटवता येतो.

तिसरा शत्रू युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातला घटक. झिंक ऑक्साइड युजेनॉलचं तात्पुरतं सिमेंट असेल तर ते खरवडून काढावं, प्युमिस (बारीक खरखरीत पूड) आणि पाण्याने घासावं, आणि त्या दातावर एच-अँड-रिन्स वापरावं. सेल्फ-एच युजेनॉल लागलेला स्मिअर आपल्यातच मिसळून घेतं. पुढे कंपोझिट करायचंय हे आधी माहीत असेल तर तात्पुरतं सिमेंटच बिनयुजेनॉलचं भरायचं.

तिसरी_दाढ

प्युमिसचा विषय निघालाच आहे तर : मानेपाशीच्या घळी भरायच्या आधी नुसतं पाण्याने धुणं पुरत नाही. मूळ पोस्टमध्ये तेवढंच लिहिलंय. मिश्री घासणाऱ्या, तंबाखू-सुपारी खाणाऱ्या तोंडात डेंटिनवर राप बसलेला असतो, प्लाक असतो, लाळेचं पापुद्र्यासारखं आवरण असतं. प्युमिस पाण्यात कालवून रबर कपने घासायचं. तयार प्रॉफी पेस्ट नको, तिच्यातलं ग्लिसरीन आणि फ्लोराइड मागे राहतं.

दातकोरणं

मिश्री हाच मुद्दा विचारणार होतो. अशा घळी असलेल्यांत मिश्री लावणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. वरच्या सगळ्या प्रतिसादांवरून दिसतंय की माझं तीन ठिकाणी चुकतंय : प्युमिस नाही, बर नाही, कॉर्ड नाही. हवेचं मात्र कळलं नाही. बाँड लावल्यावर किती वेळ मारायची?

अनुभवी_ओंजळ

घड्याळ लावून सांगता येत नाही, पाहून कळतं.

आधी लावायचं कसं ते. मायक्रोब्रशने बाँड नुसतं टेकवायचं नाही, २० सेकंद घासायचं. ब्रशचे केस किंचित वाकतील एवढा दाब द्यायचा. घासण्याने ताजा बाँड आत ढकलला जातो आणि सॉल्व्हंट बाहेर निघायला लागतं. स्क्लेरोटिक डेंटिनवर तर हे विशेष महत्त्वाचं. सौम्य ॲसिडिक मोनोमर (रेझिनचा कच्चा घटक) एकाच जागी पडून राहिला की खनिजामुळे त्याचा जोर ओसरतो. घासत राहिलं की नवा माल पुढे येतो.

मग हवा. सुरुवातीला लांबून, अगदी हळू. बाँडवर बारीक लाटा पळताना दिसतील. सिरिंज हळूहळू जवळ आणायची. एका क्षणी लाटा थांबतात, थर जागेवर बसतो आणि तेलकट चमक एकसारखी दिसते. तेव्हा समजायचं की सॉल्व्हंट गेलं. लाट पळत असताना लाइट लावला तर आत पाणी आणि अल्कोहोल कोंडलं जातं. पहिल्या दिवशी पकड चांगली असते, वर्षभरात पाणी आपला रस्ता काढतं. एका बाटलीच्या सिस्टिममध्ये हे जास्तच, कारण तिच्यात पाणी असतंच. घळीच्या आतल्या कोनात बाँडचं डबकं साठलं तर ते नव्या कोरड्या ब्रशने टिपून घ्या, हवेने नाही. हवेने ते हिरडीवर जातं आणि तिथला काठ उघडा पडतो.

आणि कुठेतरी मंद, मॅट ठिपका दिसला तर तिथे बाँड पुरलेलं नाही. लाइट लावण्याआधी दुसरा हात द्यायचा, पुन्हा हवा.

जुनी_बाटली

बाटली फ्रिजमध्ये ठेवत असाल तर अर्धा तास आधी बाहेर काढा. गार बाँड घट्ट असतं, त्यातलं सॉल्व्हंट उडत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात ती टेबलावर विसरणंही तितकंच वाईट.

हिरवा_क्लिप

क्लोरहेक्सिडीनचं कोणी बोललं नाही. ॲसिड धुतल्यावर २ टक्के क्लोरहेक्सिडीन ३० ते ६० सेकंद लावायचं, टिपायचं, मग बाँड. डेंटिनमध्येच असलेले एमएमपी नावाचे विकर ॲसिडमुळे जागे होतात आणि रेझिन न पोचलेलं कोलॅजन खात सुटतात. क्लोरहेक्सिडीन त्यांना रोखतं.

सूक्ष्मदर्शी

प्रयोगशाळेत ते दिसतं, बरोबर. पण याच मानेपाशीच्या घळींवर झालेल्या क्लिनिकल चाचण्यांत तुकडे टिकण्यात म्हणावा तसा फरक दिसलेला नाही. नुकसान नाही, वापरा. पण ज्या पृष्ठभागावर बर फिरवलेला नाही, तिथे क्लोरहेक्सिडीनने काही वाचणार नाही. मुळात ॲसिडने उघडं पाडलेलं कोलॅजन कमी ठेवणं जास्त शहाणपणाचं.

हिरवा_क्लिप

म्हणजे तुमच्या मते डेंटिनवर ॲसिड लावूच नये?

सूक्ष्मदर्शी

या केसमध्ये मी नाही लावणार. युनिव्हर्सल बाटल्यांमधला १०-एमडीपी हा मोनोमर कॅल्शियमशी रासायनिक बंध करतो. फॉस्फोरिक ॲसिडने वरचं कॅल्शियम धुऊन काढायचं आणि मग कॅल्शियम धरणारा मोनोमर लावायचा, यात हशील नाही. ॲसिड फक्त वरच्या एनॅमलच्या काठाला, १५ ते ३० सेकंद. डेंटिनला नुसतं युनिव्हर्सल, घासून. डेंटिनवर थोडं ॲसिड ओघळलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण मुद्दाम लावायचं नाही.

तिसरी_दाढ

इथे माझं मत वेगळं आहे. राप बसलेल्या, काचेसारख्या डेंटिनवर सौम्य मोनोमर पुरा पडत नाही. बर नीट फिरवला असेल तर तुमचं म्हणणं मान्य. बर फिरवता येत नसेल (हिरडी अगदी जवळ, मूळ उघडं) तर मी ३० सेकंद ॲसिड देईन.

सूक्ष्मदर्शी

बर फिरवता येत नसेल तर मीही. तिथे वाद नाही.

उजेड

लाइटकडे सगळे दुर्लक्ष करतायत. कॅम्फरक्विनोनला (प्रकाश पडल्यावर रेझिन कडक करायला सुरुवात करणाऱ्या घटकाला) लागतो साधारण ४६८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश. टोकाला वाळलेलं कंपोझिट चिकटलेलं असलं की तो अडतो. हिरडीलगत टोक तिरकं धरलं जातं आणि खालच्या काठाला सावली पडते. गाल बाजूला ओढून टोक पृष्ठभागाला काटकोनात आणा. १० सेकंद हा आकडा चांगल्या लाइटसाठी, टोक जवळ असताना. रेडिओमीटरवर (लाइटचा जोर मोजायच्या यंत्रावर) महिन्यातून एकदा मोजा. कंपोझिटच्या २ मिमी थराला चौरस सेंटिमीटरमागे १६ ज्यूल धरले तर ८०० मिलिवॅटच्या लाइटला २० सेकंद लागतात, ४०० च्या लाइटला ४०. तोच २० सेकंदांचा बीप दोन्हींना पुरत नाही.

रबरडॅमवाली

आणि जिथे कॉर्ड घालूनही रक्त थांबत नाही, काठ हिरडीखाली गेलाय, तिथे हट्ट सोडून रेझिन मॉडिफाइड ग्लास आयनोमर भरा. १० टक्के पॉलिॲक्रिलिक ॲसिड २० सेकंद, धुणं, दमट ठेवणं, भरणं. ते कॅल्शियमशी थेट बंध करतं, आणि मानेपाशीच्या घळींत त्याचं टिकणं कंपोझिटच्या तोडीचं किंवा सरस आहे. दिसायला थोडं मंद, एवढंच. मिश्री लावणाऱ्या पेशंटला रंगापेक्षा टिकण्याची गरज जास्त.

दातकोरणं

बाटली तीच ठेवतो. प्युमिस, कॉर्ड, निळा मग लाल बर, काठाच्या एनॅमलला ॲसिड, युनिव्हर्सल २० सेकंद घासून, लाटा थांबेपर्यंत हवा, २० सेकंद लाइट. शेवटचा प्रश्न : हिरडीकडे कंपोझिटचा जो पातळ पापुद्रा उरतो तो बरने काढताना काठ उचकटल्यासारखा वाटतो. तो कसा काढायचा?

अनुभवी_ओंजळ

तिथे बर नको. कॉर्ड आत असतानाच १२ नंबरचं वाकडं सर्जिकल ब्लेड घ्या. कंपोझिटकडून मुळाकडे किंवा काठाला समांतर, थोडं-थोडं तासत जा. मुळाकडून कंपोझिटकडे कधीच नाही, तसं ओढलं तर पापुद्र्याबरोबर काठही उचलला जातो. मग बारीक डिस्क, पाण्याखाली, आणि शेवटी कॉर्ड काढा.